झाल्या गोष्टीचा आनंद

इंग्रज मनुष्य पाहुण्याला निरोप देतांना ‘आय ॲम ग्लॅड यू केम’ असें म्हणतो, तेव्हां त्या पांच शब्दांच्या वाक्यांत दोन काळ शेजारीं शेजारीं बसलेले असतात. आनंदाचें क्रियापद वर्तमानकाळीं आहे आणि येण्याचें भूतकाळीं. पाहुणा आला ती घटका केव्हांच संपली. तो आतां जोडे घालून दारांत उभा आहे. पण यजमानाचा आनंद अजून चालूच आहे, असें तें वाक्य सांगतें. आपण मराठी माणसें त्याच प्रसंगीं ‘तुम्ही आलांत, फार आनंद झाला’ असें म्हणतों. यांत पाहुण्याचें येणें झालें आणि आनंदहि झाला. दोन्ही एकदमच भूतकाळांत जमा झाले. आपल्या भाषेंत आनंद हा पाऊस पडावा किंवा दिवे लागावे तसा ‘होतो’. आणि जें होतें तें होऊनहि जातें. इंग्रजींत मनुष्य आनंदी ‘असतो’. आणि असण्याला लगेच शेवट असला पाहिजे असें नाहीं.

हा फरक इंग्रजीच्या तासाला कोणी शिकविल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर ज्या पिढ्या वाढल्या त्यांनीं, आणि त्यांच्या मागून आलेल्या आम्हींहि, ‘मला आनंद झाला’ याचें इंग्रजी ‘आय वॉज ग्लॅड’ असें केलें व गुरुजींनीं त्यावर बरोबरची खूण केली. भाषांतर बरोबरच होतें. परंतु ‘आय वॉज ग्लॅड’ म्हणणारा इंग्रज त्या वेळचा आनंद सांगत असतो. तो आनंद आज शिल्लक आहे कीं नाहीं याविषयीं तो मौन धरतो, आणि पुष्कळदां त्या मौनांतच सगळा अर्थ असतो. एखादी बाई ‘आय वॉज ग्लॅड आय मॅरीड हिम’ एवढें बोलून थांबली, तर ऐकणारे पुढच्या ‘पण’ची वाट पाहूं लागतात. तीच ‘आय ॲम ग्लॅड आय मॅरीड हिम’ असें म्हणाली, तर चाळीस वर्षांच्या संसाराचा जमाखर्च मांडून तिनें खालीं रेघ ओढली आणि बाकी जमेची निघाली, असें समजावें.

‘आय वॉज ग्लॅड टु गो’, ‘आय ॲम ग्लॅड टु हॅव गॉन’ आणि ‘आय ॲम ग्लॅड आय वेंट’ या तीन वाक्यांचें मराठी करावयास बसलें, तर आपण तिन्हींना बहुधा ‘मी गेलों याचा आनंद वाटला’ या एकाच पोशाखांत उभें करूं. मूळ इंग्रजींत तीं तीन निराळीं माणसें आहेत. पहिला जातांनाच उत्साहानें गेला. तेथें पुढें काय झालें हें त्यानें सांगितलेलें नाहीं. दुसरा थोडा औपचारिक आहे. कोठें तरी जाऊन आल्याचें पुण्य पदरीं पडलें, याचें त्याला बरें वाटतें. तिसऱ्याची गोष्ट सर्वांत रंजक. ‘आय ॲम ग्लॅड आय वेंट’ म्हणणारा मनुष्य बहुधा जातांना कुरकुरत गेलेला असतो. बाहेर पाऊस होता, गुडघा दुखत होता, व्याख्याता फारसा नांवाजलेला नव्हता, आणि घरीं शेगडीजवळची खुर्ची रिकामी होती. तरी तो गेला, आणि परत आल्यावर हें वाक्य बोलला. या वाक्याच्या पाठीशीं घरीं बसून फुकट गेली असती अशी एक न घडलेली संध्याकाळ उभी असते. घडलेल्या गोष्टीचा आनंद म्हणून आपण ज्याला म्हणतों, तो बारकाईनें पाहिलें तर दोन गोष्टींची तुलना असतो. आणि त्यांतली एक गोष्ट कधींच घडलेली नसते.

म्हणूनच ‘आय ॲम ग्लॅड आय डिडन्ट’ हें या जातीच्या वाक्यांतील अगदीं अस्सल वाक्य होय. मीं तें घर घेतलें नाहीं, ती नोकरी धरली नाहीं, तें पत्र टपालांत टाकलें नाहीं, याचा आनंद! येथें घडलेली गोष्ट मुळीं नाहींच. जो काय आनंद आहे तो एका पोकळीचा आहे. मराठींत याला ‘वाचलों’ हा एकच शब्द पुरतो. पण ‘वाचलों’मध्यें संकट होतें असें गृहीत धरलेलें असतें, इंग्रजी वाक्याला तेवढ्या मोठ्या संकटाची गरज पडत नाहीं. भोजनाच्या वेळीं दुसऱ्यांदां पुडिंग घेतलें नाहीं एवढ्यावरहि तें खुशाल बोलतां येतें.

येथें भाषाशास्त्रज्ञांची एक नोंद सांगून टाकतों. पॉल आणि कॅरल किपार्स्की या दांपत्यानें १९७० सालीं ‘फॅक्ट’ या नांवाचा एक निबंध प्रसिद्ध केला. कांहीं इंग्रजी क्रियापदें व विशेषणें अशीं आहेत कीं, तीं वापरणारा मनुष्य पुढील वाक्य खरें धरूनच चालतो, असें त्यांनीं दाखविलें. ‘ग्लॅड’ हा शब्द याच कुळींतला. ‘त्यानें राजीनामा दिला असें मला वाटतें’ हें वाक्य नाकारलें म्हणजे राजीनामाहि डळमळूं लागतो. परंतु ‘त्यानें राजीनामा दिला याचा मला आनंद आहे’ म्हणा, किंवा ‘आनंद नाहीं’ म्हणा, राजीनामा आपल्या जागीं पक्का राहतो. आनंद मानणें न मानणें आपल्या हातीं. घडलें तें घडलें. पोथीशिवाय आपल्या आजीबाईंनाहि हें ठाऊक होतें; तथापि तें व्याकरणांत सांपडावें, याची मौज वाटते.

आम्ही १९९६ ते १९९८ अशीं दोन वर्षें इंग्लंडांत लीड्स शहरीं होतों. शेजारीं एक निवृत्त शाळामास्तर एकटेच राहत. त्यांनीं आमची इंग्रजी सुधारण्याचा विडा उचलला नव्हता, ही त्यांची मोठीच मेहेरबानी; पण त्यांच्या बोलण्याकडे कान देण्यांतच आमची पुष्कळ सुधारणा झाली. दर पंधरा दिवसांनीं ते आम्हांस यॉर्कशायरच्या माळरानावर पायीं फिरावयास नेत. तेथील पाऊस आपल्या कोंकणांतल्यासारखा कोसळत नाहीं. तो तासन् तास बाजूनें येऊन कोटाच्या कॉलरमधून आंत शिरतो. त्या चार-पांच तासांत मास्तरांच्या तोंडून आनंदाचा एक उद्गार ऐकूं येत नसे. रस्ता चुकला, वारा फिरला, सँडविच भिजलें, एवढाच संवाद. मग घरीं येऊन ओले मोजे उतरवून चहाचा पहिला घोट घेतला, कीं ते गंभीरपणें म्हणत, ‘आय ॲम ग्लॅड वुई डिड दॅट.’ प्रथम प्रथम आम्हांस याचें हसूं येई. पुढें दिसून आलें कीं, ही त्यांच्या एकट्याची लकब नव्हे. चालू असलेल्या सुखाविषयीं बोलणें त्या लोकांना थोडें उघडें पडल्यासारखें वाटतें. तेंच सुख एकदां भूतकाळांत गेलें, त्याला थोडा वाळण्यास अवधि मिळाला, म्हणजे मग त्याचें नांव घेण्यास हरकत नसते.

आणि नांव घ्यावयाचें तेंहि पुष्कळदां उलट्या बाजूनें. ‘आय वॉज नॉट सॉरी टु लीव्ह’, म्हणजे शब्दशः ‘निघतांना मला वाईट वाटलें नाहीं’. याचा खरा अर्थ तेथून निघाल्याबरोबर माझा जीव भांड्यांत पडला, असा असतो. मास्तरांनीं आपल्या शाळेंतील शेवटच्या दिवसाचें वर्णन याच एका वाक्यांत केलें होतें. त्यावर आम्हीं अधिक कांहीं विचारलें नाहीं. तसें विचारावयाचें नसतें.

दारांतल्या शिष्टाचाराचीं वाक्यें मात्र इतकीं खोल नाहींत. ओळख होतांना ‘नाइस टु मीट यू’ आणि निघतांना ‘नाइस मीटिंग यू’ हा भेद परदेशी मनुष्याला वर्षभर छळतो. भेट व्हावयाची आहे कीं होऊन गेली, हें त्या क्रियापदाच्या शेपटावरून ओळखावयाचें. ‘सो ग्लॅड यू कुड कम’ यांतला ‘कुड’ तर अगदीं पाहण्यासारखा आहे. ‘तुम्ही आलांत’ असें नव्हे, ‘तुम्हांला येतां आलें’ याचा आनंद. म्हणजे पाहुण्याचा वेळ मोलाचा, त्याला अडचणी पुष्कळ, त्यांतून त्यानें वाट काढली, हें सगळें यजमान एका शब्दांत मान्य करून टाकतो. हें वाक्य घरांत शिरणाऱ्या प्रत्येकाला, नको असलेल्या पाहुण्यालाहि, त्याच स्वरांत म्हटलें जातें. त्यामुळें नाणें झिजावें तसें तें झिजलें आहे. पण झिजलेल्या नाण्यावरहि बाजार चालतो.

‘ग्लॅड’ या शब्दाची कुळकथाहि ऐकण्यासारखी आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ चकचकीत, झळकणारा असा होता. जर्मन भाषेंतला ‘ग्लाट’ आणि डच भाषेंतला ‘ग्लाड’ हे त्याचे सख्खे भाऊ अजून गुळगुळीत, निसरडा याच अर्थानें नांदतात. म्हणजे आनंदाआधीं त्या शब्दांत प्रकाश आणि घोटलेलें अंग होतें. ‘हॅपी’चें मूळ तर आणखी निराळें, ‘हॅप’ म्हणजे योगायोग, दैव. घडणें या अर्थाचें ‘हॅपन’, अपघात या अर्थाचें ‘मिसहॅप’ आणि कदाचित् या अर्थाचें ‘परहॅप्स’ हीं त्याचींच भावंडें. इंग्रजांचें सुख आणि त्यांचें ‘घडणें’ हीं एकाच घरांत जन्मलीं, याचें आम्हांस नेहमीं नवल वाटतें. उलट, आपला ‘हर्ष’ संस्कृत ‘हृष्’ धातूपासून आला. त्यांत अंगावर कांटा उभा राहण्याचा अर्थ आहे. आतां अंगावरचा कांटा किती वेळ टिकणार? वीस वर्षांपूर्वीं झालेल्या गोष्टीचा आज हर्ष आहे, असें म्हटलें तर तें वाक्य आपल्या कानाला सोसत नाहीं. ‘ग्लॅड’ मात्र वीस वर्षें सहज चालतो. घोटून गुळगुळीत केलेला पृष्ठभाग जुना होत जातो तसा अधिकच झळकतो; कांट्याचें तसें नाहीं. ही व्युत्पत्ति शास्त्रांत बसते कीं नाहीं याची जबाबदारी आम्ही घेत नाहीं. तुलना मात्र आमच्या आवडीची आहे.

आतांपर्यंत जी वाक्यें पाहिलीं त्यांत गोष्ट घडली म्हणून आनंद होता. याहून निराळा एक आनंद आहे: गोष्ट संपली म्हणून होणारा. इंग्रज त्याला ‘थँक गुडनेस दॅट्स ओव्हर’ असें म्हणतो. यांतील ‘गुडनेस’ म्हणजे चांगुलपणा. पण आभार मानावयाचे ते चांगुलपणाचे नव्हत. देवाचें नांव कारणाशिवाय घेऊं नये या धर्माज्ञेच्या धाकानें ‘गॉड’च्या जागीं आलेला तो सोज्ज्वळ शब्द आहे. नवरा बायकोनें एकमेकांचें नांव न घेण्याची आपल्याकडची जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हें समजावून सांगावयास नको.

याच वाक्याचें शीर्षक देऊन आर्थर प्रायर या तत्त्वज्ञानें १९५९ सालीं ‘फिलॉसफी’ या नियतकालिकांत एक लेख लिहिला. प्रायर मूळचे न्यूझीलंडचे. कालाविषयीं पंडितांत दोन पक्ष आहेत. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, भूत, वर्तमान, भविष्य हे आपल्या मनाचे खेळ. खरें एवढेंच कीं अमुक घटना अमुक तारखेला, आणि ती दुसऱ्या एका घटनेच्या आधीं किंवा नंतर. प्रायर यांनीं विचारलें कीं, असें असेल तर संकट संपल्यावर मनुष्य आभार कशाचे मानतो? आपण आपलें उदाहरण घेऊं. शुक्रवारीं सकाळीं दहा वाजतां दाढ काढावयाची आहे. ती साडेदहाला संपेल हें गुरुवारींहि ठाऊक होतें. तारीख तीच, वेळ तीच, घटनांचा क्रम तोच. मग गुरुवारीं रात्रीं ‘सुटलों’ म्हणून कां झोंप लागली नाहीं? शुक्रवारीं अकरा वाजतां जें सुख होतें, तें दाढ शुक्रवारीं निघाली याचें नव्हे. ती आतां ‘होऊन गेली’ याचें आहे. म्हणजे होऊन जाणें हीहि एक वस्तुस्थितिच ठरते, नुसता मनाचा खेळ नव्हे. केंब्रिजच्या ह्यू मेलर यांनीं १९८१ सालीं यास उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, ‘थँक गुडनेस’ हा कोणत्याहि वस्तुस्थितीविषयींचा आनंद नव्हेच. दुःख सरल्यावर जी सुटका वाटते तिचा तो नुसता हुंकार आहे. वाद अजून मिटलेला नाहीं, आणि आमच्यासारख्यानें तो मिटविण्याचें कारणहि नाहीं.

पण प्रायरसाहेबांना मराठी येत असतें तर त्यांनीं ‘एकदाचें’ या शब्दाला अर्धें पान तरी दिलें असतें, असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. ‘परीक्षा एकदाची संपली’, ‘मुलीचें लग्न एकदाचें पार पडलें’, ‘घर एकदाचें रंगवून झालें’. हा शब्द क्रियेचा प्रकार सांगत नाहीं कीं काळ सांगत नाहीं. बोलणाऱ्यानें किती वाट पाहिली आणि आतां त्याच्या खांद्यावरून काय उतरलें, एवढेंच सांगतो. मुलीच्या लग्नांत तर आईबापांना दुहेरी ‘एकदाचें’ असतें. लग्न झालें याचा आनंद, आणि लग्न संपलें याचा आनंद. दुसरा मोठ्यानें बोलावयाचा नसतो, म्हणून तो या शब्दांत दडवितात.

डेरेक पार्फिट यांनीं १९८४ सालच्या आपल्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथांत हीच गोष्ट अधिक विचित्र करून मांडली आहे. तुम्ही रुग्णालयांत जागे होतां. शस्त्रक्रिया अशी आहे कीं भूल देतां येत नाहीं, पण नंतर तिची आठवण पुसून टाकतात. परिचारिका सांगते, ‘तुम्ही दोन रोग्यांपैकीं कोणते, तें मला पाहून यावें लागेल. एकाची शस्त्रक्रिया काल झाली, ती दहा तास चालली. दुसऱ्याची आज व्हावयाची आहे, ती तासाभराची.’ ती कागद पाहावयास जाते. तुम्ही मनांत काय म्हणाल? प्रत्येक जण हेंच म्हणेल कीं, देवा, मी तो कालचा रोगी निघूं दे! दहा तासांचें दुःख एका तासाच्या दुःखाहून आपण आनंदानें पत्करतों, तें केवळ तें मागें पडलें म्हणून. हिशेबी माणसाला हें वेडेपणाचें वाटेल. आम्हांला तें वाचल्यावर बाळंतिणींची आठवण झाली.

येथवर सर्व ठीक. परंतु झाल्या गोष्टीचा आनंद मानण्यांत एक धोका आहे, आणि तो इंग्रजी बोलणाऱ्या लोकांनीं, त्यांतहि अमेरिकेंतल्या लोकांनीं, पुरता अनुभवला आहे. एलिनॉर पोर्टर या बाईंची ‘पॉलिॲना’ ही कादंबरी १९१३ सालीं निघाली. त्यांतली पोरकी मुलगी एक ‘आनंदाचा खेळ’ खेळते. तिला बाहुली हवी होती, पण धर्मादायाच्या पेटींतून निघाल्या पांगळ्याच्या कुबड्या. तेव्हां बापानें शिकविलें कीं, आपल्याला कुबड्यांची गरज नाहीं याचा आनंद मान. पुस्तक अफाट खपलें, आणि तिचें नांव कोशांत जाऊन बसलें. पण बसलें तें थट्टेच्या अर्थानें. ज्याला त्याला चांगलेंच दिसतें अशा खुळ्या माणसाला आज इंग्रजींत ‘पॉलिॲना’ म्हणतात. आम्हांस त्या मुलीविषयीं राग नाहीं. कुबड्यांची पेटी उघडणाऱ्या अनाथ मुलीनें दुसरें करावें तरी काय? राग आहे तो हा खेळ दुसऱ्यावर लादणाऱ्यांचा. नोकरी गेलेल्या माणसाला ‘एक दिवस याचाच तुम्हांला आनंद वाटेल’ असें सांगणारीं माणसें लीड्समध्येंहि भेटलीं आणि पुण्यांतहि भेटतात. तसा आनंद पुढें वाटतोहि. पण ज्याचा त्यालाच तो सांपडावा लागतो, आणि आधीं सांगून तो कोणाला देतां येत नाहीं.

याहून अवघड एक प्रश्न आहे. एखादी गोष्ट वाईट होती, तेव्हां करावयास नको होती, आणि तरीहि ती झाली याचा आज आनंद वाटतो. हा आनंद खोटा कीं खरा? पार्फिट यांनींच चौदा वर्षांच्या एका मुलीचें उदाहरण घेतलें आहे. इतक्या लहान वयांत तिनें आई होणें हें मुलाच्याहि हिताचें नव्हतें. सर्वांनीं तिला तसेंच सांगितलें असतें. पण मूल झाल्यावर, त्याला वाढविल्यावर, तें जन्माला आलें नसतें तर बरें झालें असतें असें ती कशी म्हणेल? आर. जे वॉलेस यांनीं २०१३ सालीं ‘द व्ह्यू फ्रॉम हिअर’ या पुस्तकांत याच गांठीवर विचार केला. ज्यावर आपण जीव लावला त्याच्यामागें वळून पाहिलें कीं, तें जिच्यामुळें आलें ती गोष्टहि आपण मान्य करूं लागतों. म्हणून ती गोष्ट तेव्हां योग्य होती असें मात्र सिद्ध होत नाहीं. इंग्रजी भाषेनें या दोन मतांना दोन वाक्यें दिलीं आहेत. ‘इट वॉज अ गुड थिंग’ म्हणजे गोष्ट चांगली होती, हा निवाडा; आणि ‘आय ॲम ग्लॅड’ म्हणजे माझा आनंद, यांत निवाडा नाहीं. एकाच बाईला पहिलें वाक्य नाकारतां येतें आणि दुसरें बोलतां येतें.

आपलें ‘बरें झालें’ हें या दोहोंच्या मध्यें कोठें तरी आहे, आणि तीच त्याची अडचण. ‘तूं आलास, बरें झालें’ यांत बोलणारा स्वतःचें नांवहि घेत नाहीं. बरेपणा त्या घडण्यालाच चिकटवून तो मोकळा होतो. यांत एक विनय आहे, आणि आम्हांस तो प्रिय आहे. परंतु तें ‘बरें’ कोणत्या शब्दाला लागू आहे, हें सांगणारें वाक्यांत कांहीं नसतें. शिवाय ‘बरें झालें, चांगली खोड मोडली’ असाहि त्याचा उपयोग होतो. ‘ग्लॅड’ही कांहीं साधुसंत नाहीं, शत्रूच्या मरणाचा आनंद त्याच शब्दानें सांगतां येतो. फरक एवढाच कीं, तेथें आनंद मानणारा मनुष्य ‘आय’ म्हणून समोर उभा राहतो.

२०११ सालीं आमचे वडील वारले. आजार लांबला होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं ‘सुटले’ असें म्हटलें. इंग्रजींतहि याला ‘ब्लेसिड रिलीज’ म्हणतात, आणि तेथेंहि तें घरच्यांनीं म्हणावयाचें नसतें. तेराव्यानंतर दोन दिवसांनीं लीड्सच्या मास्तरांचें पत्र आलें. आम्हीं त्यांना एवढेंच कळविलें होतें कीं, शेवटचे आठ दिवस आम्ही घरींच होतों. त्यांच्या पत्रांत चारच ओळी होत्या, आणि शेवटची ओळ होती: ‘आय ॲम ग्लॅड यू वेअर विथ हिम.’ आमच्या थोरल्या बहिणीनें पत्र आधीं वाचलें. ती इंग्रजी घेऊन पदवीधर झालेली. तरी ‘ग्लॅड’ शब्दापाशीं ती थांबली आणि म्हणाली, ‘मयताच्या पत्रांत हा शब्द कशाला घालायचा?’ आई आंतून विचारूं लागली, ‘काय लिहिलंय त्यांनीं? वाचून दाखव कीं.’

पत्र हातांत घेऊन आम्ही कांहीं वेळ उभे राहिलों. ‘तुम्ही त्यांच्याजवळ होतां याचा मला आनंद आहे’. हें त्या घरांत, त्या दिवशीं, मोठ्यानें वाचणें शक्य नव्हतें. ‘तुम्ही जवळ होतां, बरें झालें’. हें पुष्कळ जवळचें. पण नुकतेंच आठ-दहा लोक ‘सुटले, एका परीनें बरें झालें’ असें बोलून गेले होते, आणि आईनें तें ‘बरें’ मुकाट्यानें ऐकून घेतलें होतें. तोच शब्द पुन्हां, समुद्रापलीकडून, तिच्या कानीं घालावयाचा? मूळ वाक्यांत मरणाला चांगलें म्हटलेलें नव्हतें. मरणाचें दुःख पहिल्या ओळींत निराळें लिहिलें होतें. एवढ्या वाईटांत मुलगा जवळ होता, आणि तो जवळ नसणें सहज शक्य होतें, तेवढ्या एकाच गोष्टीवर तो ‘ग्लॅड’ बोट ठेवीत होता. ओल्या मोजांनिशीं चहा पितांना ते बोलत, त्याच तोलाचा तो शब्द होता.

शेवटीं आम्हीं वाचलें, ‘तुम्ही शेवटपर्यंत जवळ होतां, याचें त्यांना समाधान वाटतें.’ बहिणीनें मान हलविली. समाधान या शब्दांत मुळीं एकत्र करून नीट ठेवणें हा अर्थ आहे. विस्कटलेलें मन पुन्हां एका जागीं बसतें, तें समाधान. त्यांत दिव्याचा झळाळ नाहीं, अंगावर कांटा नाहीं, आणि मरणाच्या घरांत तें पाहुण्यासारखें शिरूं शकतें. इंग्रजींत त्याला जोड नाहीं. ‘सॅटिस्फॅक्शन’ म्हणावें तर त्यांत पोट भरल्याचा आणि देणें फिटल्याचा वास येतो. सगळ्याच गोष्टींत इंग्रजी श्रीमंत आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

आई कांहीं वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘त्यांना लिही, ह्यांच्या तोंडांत शेवटचें पाणी तुझ्या हातचें पडलें.’ आम्हीं तें तसेंच इंग्रजींत उतरविलें. पाण्याचा अर्थ काय, तें गंगेचें कां, तें मुलानेंच कां घालावयाचें, यावर एक तळटीप लिहावी असें मनांत आलें होतें, लिहिली नाहीं. महिन्याभरानें उत्तर आलें. त्यांत त्यांनीं आपल्या बागेंतल्या सफरचंदांविषयीं लिहिलें होतें, गुडघ्याविषयीं लिहिलें होतें, आणि पाण्याविषयीं एवढेंच कीं, तुम्हीं तें मला सांगितलेंत याचा मी ‘ग्लॅड’ आहें. त्या वेळीं आईनें काय लिहिलंय म्हणून विचारलें तेव्हां आम्हांस फारसें अडावें लागलें नाहीं. ‘पत्र पोंचलें, वाचून बरें वाटलें असें लिहितात,’ असें आम्हीं सांगितलें; आणि सफरचंदें यंदा किती आलीं, तें तिनें पुन्हां एकदां वाचावयास लावलें.